उष्टा श्वास

बर्फाच्या कारखान्यात जन्म घालवलेल्या माणसाला थंडीचं कौतुक राहत नाही. मलाही नव्हतं. पण एका मे महिन्यात वसंतानं आमच्या कारखान्यात जे केलं, ते आठवलं की आजही मी खाटेवर उठून बसतो. ही गोष्ट खरी तर गिरजा सांगायची. गिरजा म्हणजे माझी बायको, वसंताची मोठी बहीण. ती सांगायला लागली की तिचे हात, डोळे, पदर, सगळंच बोलायला लागे. मी मधेच म्हणायचो, "असं नव्हतं झालं वं." ती म्हणायची, "तुम्ही चूप बसा." दिवाळीच्या आधी ती गेली. वसंता तर तिच्या कितीतरी आधी गेला. आता चूप बसा म्हणणारं घरात कोणी नाही, म्हणून मी लिहितो. शाळा माझी चौथीतच सुटली, तेव्हा गोड लिहिणं जमणार नाही. जसं झालं तसं लिहीन.

वसंता ठेंगणा होता. छाती पिंपासारखी, आणि त्या पिंपातून आवाज मात्र बारीक यायचा. वर्ध्याजवळच्या त्यांच्या नालवाडीत कोणाची बादली विहिरीत पडली, कोणाचा गडवा पडला, की त्याला हाक. तो धोतर सोडून लंगोटावर उडी मारायचा आणि वस्तू घेऊनच वर यायचा. माय लवकर वारली होती, त्यामुळे गिरजानंच त्याला वाढवलं. तो पाण्यात गेला की ही काठावर उभी राहून स्वतःचाच श्वास धरायची. तो वर यायच्या आधी हिचं तोंड निळं पडायचं. पुढं तो नेव्हीत गेला आणि तिथं पाणबुड्या झाला. ज्या मुलुखात समुद्र कोणी बापजन्मात पाहिला नाही, तिथला पोट्टा समुद्राच्या तळाशी नोकरी करायला लागला.

रजेवर आला की आमच्याकडेच उतरायचा. त्याच्या सवयी पाहून शेजारी हसायचे. तो माणसाशी बोलताना चेहऱ्याकडे पाहत नसे, छातीकडे पाहत असे. मला म्हणायचा, "भाऊजी, तुम्ही वरच्यावर श्वास घेता. पोटातून घ्या. निम्मी हवा फुकट घालवून राह्यले तुम्ही." मी म्हणायचो, "वर्ध्यात हवेले काय तोटा पडला?" तो म्हणायचा, "खाली गेलं का समजते." कुठल्याही कामाला हात लावायच्या आधी तो दोन पळं गप उभा राहायचा आणि एक लांब श्वास सोडायचा. सायकलवर बसायचं असो की लग्नाच्या पंगतीत. कोणी घाई केली की त्याचं ठरलेलं बोलणं, "आधी श्वास, मंग बाकीचं."

आणि हाताच्या खुणा! पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून त्यांची बोटांची भाषा असते. ती त्याच्या हातात इतकी मुरली होती की जमिनीवरही सुटत नसे. गिरजानं विचारलं, "भाजी जमली का रे?" की हा अंगठा आणि बोट जुळवून गोल दाखवायचा. म्हणजे सगळं ठीक. एकदा पाहुण्यानं त्याला शाबासकीचा अंगठा दाखवला, तर हा ताटावरून उठूनच उभा राहिला. त्यांच्यात अंगठा म्हणजे "वर चला".

बर्फ तो फुटाण्यासारखा खायचा. माझ्या कारखान्यात आला की लादीचा तुकडा तोंडात टाकायचा आणि कडाकडा चावायचा. आवाज ऐकून माझेच दात शिवशिवायचे.

आता गिरजाचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं समजणार नाही. गिरजाला उष्टं चालत नसे. चालत नसे म्हणजे किती? माझ्या गिलासातलं पाणी ती जन्मात प्याली नाही. मुलांच्या ताटातला घास तिनं कधी तोंडात टाकला नाही. पाहुण्यानं बोट लावलेला पेढा ती गाईला घालायची. घरात प्रत्येकाचा गिलास वेगळा, आणि कोणी चुकून दुसऱ्याचा उचलला की राखेनं घासून, दोन पाण्यानं धुऊन, उन्हात उपडा. वसंता तिला चिडवायचा, "बाई, आमच्या धंद्यात तं एकाच्या तोंडातलं दुसऱ्याच्या तोंडात द्या लागते. वेळ आली का." ती म्हणायची, "जेवताना असलं सांगू नको, मले वांती येते."

एकदा तो रजेवर असताना बोरगाव मेघेत एकाचा पंप विहिरीत पडला. वसंताजवळ त्या वेळी नेव्हीतली जुनी टाकी होती. तो पाठीवर टाकी बांधून उतरला आणि दोर काठावरच्या म्हाताऱ्याच्या हातात दिला. "एक झटका देल्ला तं ढील द्या. तीन देल्ले तं ओढा." खाली गेला. वर बुडबुडे यायला लागले. असे बुडबुडे त्या गावानं कधी पाहिले नव्हते. एक बाई ओरडली, "अव माय, जीव सोडून राह्यला तो!" झालं! म्हातारा आणि चारपाच गडी दोराला लोंबकळले आणि त्याला पोत्यासारखा वर खेचला. पंप बांधायच्या आत वर आलेला वसंता तोंडातलं नळकांडं काढून म्हणाला, "बुडबुडे दिसले म्हणजे जिवंत आहो. बुडबुडे बंद झाले का मंग रडजा." तीनदा उतरला, तीनदा ओढला. चौथ्यांदा त्यानं त्या बाईलाच काठावर बसवलं आणि सांगितलं, "माय, तू फक्त बुडबुडे पाहात राह्य. ते येऊन राह्यले तोवर कोणाले दोर ओढू देऊ नको." मग तिनं कोणाला हात लावू दिला नाही, आणि पंप वर आला.

गिरजाही त्या दिवशी तिथं होती. घरी येताना वाटभर एकच बोलली, "बुडबुडे आले म्हणजे जिवंत आहे. ध्यानात ठेवा बरं तुम्ही."

ऐंशी साल उलटल्यावर वसंता नेव्हीतून सुटला होता. धरणांच्या दारांची कामं करायचा. त्याला बोलावणं आलं ते एकदम पृथ्वीच्या खालच्या टोकाचं. तिथं बर्फाच्या मुलखात आपली माणसं जाऊन राहणार होती. त्यांना पाणी पुरवायचं तळं होतं, वरून सगळं गोठलेलं. बर्फाला भोक पाडून खाली उतरायचं आणि पाण्याच्या पंपाचा पाइप बसवायचा. म्हणजे आमच्या बोरगावचंच काम, फक्त विहिरीवर बर्फाचं झाकण!

तो मे महिन्यात मुंबईहून आला. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. सोबत हवेच्या दोन टाक्या. गाडीत तिकीट तपासनिसानं अडवलं म्हणे, "गॅस नेता येत नाही." हा म्हणाला, "गॅस नाई साहेब, हवा आहे." तो म्हणाला, "हवा कोण घेऊन जातं? उघडून दाखव." वसंतानं तोटी जराशी उघडली, फुस्सकन् आवाज झाला आणि अर्धा डबा दाराकडे पळाला. वर्ध्याला टेशनवरचा रिक्षावाला टाक्या चढवताना म्हणाला, "इतकी जड हवा? आमच्या गावची चालली नसती का?"

जेवण झाल्यावर त्यानं पिशवीतून दोन यंत्रं काढली आणि आमच्या समोर ठेवली.

"हे रेग्युलेटर," तो म्हणाला.

"शेगडीच्या सिलिंडरवर असते तसं?" गिरजानं विचारलं.

"हाव, तसंच! टाकीतली हवा भल्ल्या जोराची असते. तशीच घेतली तं छाती फाटन. हे तिले सोसवेल अशी करून देते. आपण ओढली तं येते, थांबलो तं थांबते."

एक रेग्युलेटर जुना, पितळेवर मुलामा दिलेला, त्याचा स्वतःचा. नेव्हीपासूनचा. दुसरा नवा, काळा. मुंबईच्या कचेरीनं दिला होता. दोघांचेही दोन भाग, एक टाकीवर बसायचा आणि एक तोंडात धरायचा, मधे रबरी नळी. जुन्याची स्प्रिंग उघडी होती, पाणी तिच्यापर्यंत जायचं. नव्याच्या स्प्रिंगवर रबराची टोपी होती आणि आत तेल भरलेलं, म्हणजे पाणी शिवतच नाही.

"मंग अडचण काय?" मी विचारलं.

"अडचण तुमच्याच कारखान्यातली आहे भाऊजी. तुमच्या नळीच्या वाल्ववर उन्हाळ्यात पांढरं बर्फ काऊन चढते?"

"जोराची हवा मोकळी सुटली का थंड होते. त्याच्यावरच तं कारखाना चालते."

"तेच! पाणी आधीच बर्फासारखं, त्यात हे यंत्र अजून थंड होणार. आत थेंबभर पाणी जमलं, का वाल्व उघडाच अडकन. मंग हवा थांबत नाई. नुसती भसाभसा सुटते आणि टाकी रिकामी होते. वर बर्फाचं छत. भोक सापडलं तं सापडलं."

गिरजानं दोन्ही यंत्रं त्याच्याकडे सारली. मग म्हणाली, "तू नको जाऊ."

"मी नाई गेलो तं दुसरा कोणी जाईन बाई. त्याच्या तोंडात काय द्याचं ते तं मले ठरवू दे. मी सांगीन तेच मागवणार आहे ते सगळ्यांसाठी. सात दिवसांत सांगा लागते."

त्याचा जीव जुन्यात होता, हे उघड दिसत होतं. नव्याला हातात घेऊन पाहायचा आणि जुन्याला मांडीवर ठेवायचा. "यानं मले दहादा वर आणलं," असं म्हणून त्यानं बोटानं त्याची धूळ पुसली. मग नवा उचलून म्हणाला, "हा चांगला दिसते. मुंबईत आमच्यातल्या एकानं तोंडात धरून पाह्यला. त्याले आवडला."

ते वाक्य तो सहज बोलून गेला. पण गिरजानं ते ऐकलं होतं.

आमच्या शेठजींना विचारलं तर ते खुर्चीतून उठलेच. लग्नसराईचे दिवस, लादी मिळत नाही म्हणून लोक दारात भांडत होते, तरी म्हणाले, "दक्षिण टोकाची परीक्षा आपल्या टाकीत? एक रांग डबे काढा! कंप्रेसर बंद ठेवा! खुर्ची टाका मला तिथं!"

बर्फाचा कारखाना ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. जमिनीत एक मोठी टाकी असते. तिच्यात मिठाचं पाणी, शून्याच्याही खाली थंड. त्या पाण्यात गोड्या पाण्याचे पत्र्याचे डबे बुडवून ठेवायचे. डब्यातलं पाणी गोठून लादी होते. टाकीवर लाकडी फळ्या. आम्ही सकाळपासून मशीन बंद ठेवून मिठाचं पाणी थोडं सैलावू दिलं, एक रांग डबे साखळीनं वर ओढले आणि वसंतापुरती जागा केली.

बाहेर झळा, आणि हा बाबा रबराचा सूट चढवतो! अंगातून घामाच्या धारा. हमालानं बादलीभर पाणी डोक्यावर ओतलं. तोंडाला व्हॅसलीन फासलं. मग तो दोन पळं गप उभा राहिला, लांब श्वास सोडला आणि उतरला. गिरजा फळीच्या कडेला बसली, नजर पाण्यावर. सगळे बोलत होते, ती एकटी बुडबुडे पाहत होती.

आधी जुना लावला. बुडबुडे आले, गेले, आले, गेले. एकसारखे. शेठजी टाळ्या वाजवायला लागले. वसंतानं खाली मुद्दाम धापा टाकल्या, तरी काही नाही. वर येऊन त्यानं नवा लावला आणि परत खाली गेला. दहाबारा श्वास ठीक. आणि मग एकदम पाणी उकळावं तसं झालं! टाकीभर फेस, फळ्या थरथरायला लागल्या, आणि आवाज असा की बॉयलर फुटला असं वाटून दोन हमाल बाहेर पळाले. गिरजा ओरडली, "हे बुडबुडे ते नाईत! हे ते नाईत! काढा त्याले!" मी खांद्यापर्यंत हात घातला आणि त्याला पट्ट्याला धरून वर ओढला. तोंडातलं यंत्र पांढरं झालं होतं आणि हवा थांबतच नव्हती. बघता बघता हवेची टाकी रिकामी. तिच्यात हवा भरायची सोय वर्ध्यात नव्हती. उरली एकच.

दुपारी घरी जेवायला बसलो. वसंता थकलेला होता, पण आतून खूष होता. मी ओळखलं. जुन्यानं लाज राखली होती.

"ठरलं," तो म्हणाला. "जुन्यासारखेच मागवाचे. उद्या मुंबईले ट्रंक कॉल लावतो."

गिरजानं भाकर वाढता वाढता हात झटकला. "बरं झालं बापा. त्या काळ्याचं काई खरं नाई. मी तं त्याले सकाळी चांगला धुऊन बी काढला होता, तरी दगा देल्ला मेल्यानं."

वसंताचा घास तोंडाशीच थांबला.

"काय केलं?"

"धुतला. त्या मुंबईच्या माणसाचा उष्टा होता नं. तू तसाच तोंडात घालणार होता."

"आणि जुना?"

"तो तं तुह्याच एकट्याचा आहे. त्याले कायले धुऊ?"

"कायनं धुतला?"

"पाण्यानं! राख नाई लावली. बादलीत बुडवला, चांगला खळखळ केला. माठातलं पाणी होतं, चांगलं गोडं."

मला वाटलं, आता हा भडकणार. वसंतानं घास ताटात ठेवला. डोळे मिटले. लांब श्वास सोडला. आणि मग तो जो उठला! अंगणात गेला, परत आला, खांबाला हात मारला, परत गेला.

"बाई! तुनं आत गोडं पाणी ठेवलं! ते जमलं!"

"चुकलं माझं. मले काय मालूम..."

"चुकलं नाई वं! ऐक! माझ्या जुन्याची स्प्रिंग उघडी आहे. तिच्यात टाकीतलं पाणी शिरलंच असन. मंग ते काऊन नाई जमलं? भाऊजी, तुमच्या टाकीतलं पाणी काऊन जमत नाई?"

"मीठ आहे त्यात," मी म्हणालो. आणि म्हणता म्हणताच माझ्या टाळूला झिणझिण्या आल्या. तीस वर्षं मी त्या पाण्यात मीठ टाकत होतो. कशासाठी? ते गोठू नये म्हणूनच तर!

"आणि तथचं तळं गोड्या पाण्याचं आहे!" वसंता ओरडला. "आपण जुन्याची परीक्षा घेतलीच नाई! जमतच नाई अशा पाण्यात बुडवून त्याले पास केलं! आणि नव्याच्या पोटात पाणी भरून त्याले नापास केलं!"

गिरजा एकदा माझ्याकडे पाहायची, एकदा त्याच्याकडे. "म्हणजे मी धुतलं नसतं तं?"

"तं दोन्ही पास झाले असते, आणि मी माझा जुनाच घेऊन गेलो असतो."

ती भाकरीची टोपली घेऊन खालीच बसली.

दुसऱ्या दिवशीचा थाट काय सांगू! आदल्या संध्याकाळीच नवा रेग्युलेटर वसंतानं पूर्ण खोलला, पुसला, टाकीतल्या हवेचा एक झोत मारून आतला थेंबन् थेंब काढला आणि सावलीत टांगला. वर्ध्याची मे महिन्यातली कोरडी हवा, तिच्यासमोर पाणी टिकतं का? गिरजा रात्रभर, म्हणजे निजेपर्यंत, त्या यंत्राभोवती घुटमळत होती. धुवायची इच्छा तिला आवरत नव्हती. शेवटी पदरात हात गुंडाळून घेतले.

लादी डब्यातून सोडवायचा आमचा गोड्या पाण्याचा हौद होता. तो भरला आणि त्यात लाद्या टाकल्या, इतक्या की पाणी दिसेना. लादीवर लादी घासून कुरकुर आवाज येत होता. शेठजींनी घरची मंडळी आणली होती. बाहेर लादी न्यायला आलेले हातगाडीवाले लग्न विसरून आत उभे.

"टाकी एकच," वसंता मला म्हणाला. "जुना आधी लावला आणि बिघडला तं सगळी हवा जाईन. म्हणून नवा आधी."

नव्यातून त्यानं पाण्याबाहेर एकही श्वास घेतला नाही. तोंडाची वाफ आत गेली तर तीच जमेल, म्हणाला. तोंड पाण्याखाली गेल्यावरच पहिला श्वास. लाद्यांच्या फटीतून बुडबुडे वर आले. गिरजा हौदाच्या काठाला दोन्ही हातांनी धरून बसली होती. आले, गेले. आले, गेले. तो खाली लादी ढकलत होता, दम लागेपर्यंत ढकलत होता, आणि बुडबुडे दाट व्हायचे, पुन्हा विरळ व्हायचे, पण तुटत नव्हते आणि उकळतही नव्हते. हातगाडीवाल्यांपैकी एक जण प्रत्येक बुडबुड्याला "हाऽव" म्हणायला लागला, आणि मग सगळेच म्हणायला लागले. कारखान्यात भजन चालल्यासारखं! वसंता वर आला, ओठ जांभळे, आणि बोटाचा गोल दाखवला. गिरजानंही काठावरचा हात काढून गोल दाखवला. तिला ती खूण करताना मी पहिल्यांदा पाहिलं.

मग त्यानं जुना लावला. आता कोणी ओरडलं नाही. तो उतरला. आले, गेले. मला वाटलं, हाही निघतो की काय. आणि तेवढ्यात हौद गर्जला. लाद्या एकमेकींवर आपटल्या, हवा भसाभसा सुटली, आणि वसंता स्वतःच उभा राहिला. तोंडातून त्यानं तो जुना रेग्युलेटर काढला. टाकी संपेपर्यंत तो फुसफुसत होता आणि वसंता त्याला दोन्ही हातांत धरून बर्फात तसाच उभा होता. टाकी संपली. सगळं शांत झालं. तेव्हा त्यानं त्याला हळूच काठावर ठेवला आणि म्हणाला, "समुद्रात तू राजा होता लेका. तथी नाई."

ट्रंक कॉल लागायला अर्धा दिवस गेला. वसंता फोनवर इतक्या जोरात ओरडला की पोस्टातली सगळी रांग ऐकत होती. "काळा! तेल भरलेला! आणि एकेका टाकीवर दोन-दोन लावा! आणि कोणाले सांगा, पाण्याबाहेर श्वास घ्याचा नाई त्यातून!" फोन ठेवल्यावर रांगेतली एक म्हातारी त्याला म्हणाली, "बाबू, दमा आहे का तुले?"

तो गेला. वर्षावर झालं, काही खबर नाही. गिरजा कारखान्यात कधी येत नसे, ती त्या वर्षी यायला लागली. डबा द्यायचं निमित्त. फळी सरकवून टाकीत पाहत बसायची. मी म्हणायचो, "काय पाहतं?" ती म्हणायची, "थंड किती आहे ते पाहते."

मग एका उन्हाळ्यात दारात वसंता उभा. गाल काळे पडलेले, नाकाची साल निघालेली, छाती तशीच. गिरजानं त्याला आधी बसवलं नाही, काही विचारलं नाही. सरळ चहा ठेवला.

त्यानं कप हातात घेतला आणि सांगायला लागला. पाइप बसवायला दोघं उतरत होते, हा आणि कोचीनकडचा एक जोडीदार. जोडीदार भला माणूस, पण त्या दिवशी वर वारा सुटलेला, आणि भोकाच्या काठावर उभं राहून त्यानं टाकीवरची दोन्ही यंत्रं चालतात का ते पाहायला दोन श्वास घेतले.

"बाहेरच?" मी विचारलं.

"बाहेरच. मी पाह्यलं नाई. पाह्यलं असतं तं उतरू देल्ला नसता. खाली गेलो, पाइपजवळ पोचलो, आणि त्याचं सुटलं. हौदात सुटलं होतं नं, तसंच. दुसरं लावलं, तेही सुटलं. त्याची टाकी गेली."

गिरजाचा हात तोंडावर गेला.

"मंग?"

"मंग काय. माझ्या टाकीवरचं दुसरं उघडलं नाई, तेही सुटलं असतं तं दोघंही गेलो असतो. माझ्या तोंडातलं काढलं, त्याच्या तोंडात देल्लं. दोन श्वास त्याचे, दोन माझे. दोन त्याचे, दोन माझे. त्याची लाळ, माझी लाळ. एक यंत्र आणि दोन माणसं ओढून राह्यले. जुना असता तं तथीच बसला असता. हा नाई बसला बाई. दोर धरून भोकापर्यंत आलो. वर डोकं काढलं तं तो रडून राह्यला होता आणि आसवं गालावरच जमून राह्यली होती."

तो हसला. अर्धा चहा कपात राहिला होता. कप खाली ठेवून म्हणाला, "तुले वांती येईन म्हणून सांगणार नव्हतो."

गिरजानं तो कप उचलला. मला वाटलं, धुवायला नेते. ती उभी होती तिथंच तिनं तो तोंडाला लावला आणि त्याचा उष्टा चहा एका दमात पिऊन टाकला. ज्या बाईनं माझ्या गिलासाला कधी ओठ लावला नाही, तिनं. आणि कप न धुता फळीवर ठेवला.



दुपारी वसंता मधल्या खोलीत खाटेवर निजला. त्या उन्हाळ्यानंतर तो इकडे आला नाही, पुढं आजारात मुंबईकडेच वारला. त्यामुळे माझ्या डोळ्यांपुढं तो आहे तो असाच, उताणा, तोंड थोडं उघडं, छातीचं पिंप वर-खाली होतंय. मी पाणी प्यायला उठलो तर गिरजा खाटेजवळ जमिनीवर बसलेली. हातात पंखा, पण ती वारा घालत नव्हती.

मी हळूच विचारलं, "काय पाहून राह्यली?"

तिनं मान वळवली नाही.

"काई नाई," ती म्हणाली. "श्वास घेऊन राह्यला."